लिगाभाभीच्या अकरा वह्या

सप्टेंबर लागला की यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला एम.आय.डी.सी.च्या रस्त्यावर, सलीमभाईच्या गॅरेजच्या वरच्या खिडकीत एक तारा लटकायचा. बांबूच्या कामट्यांचा, पाच टोकांचा, वरून पतंगाचा लाल-पिवळा कागद आणि खाली दोन शेपट्या. शेतात सोयाबीन अजून हिरवं असायचं, आणि हा तारा हजर. पहिल्या वर्षी गल्लीतल्या बायकांना तो दिवाळीचा आकाशकंदील वाटला.

"काय घाई हाय वं या बाईले," माझी माय म्हणाली. "दिवाळीले किती टाइम हाय अजून."

तेवढ्यात खिडकीतून सलीमभाईच्या आईनं तोंड काढलं. तिला सगळी गल्ली अम्मीच म्हणते. "अगे, उसकी ईद है! हमारी एक दिन की, इसकी चार महिने की!"

ती म्हणजे लिगाया. सलीमभाईची बायको, फिलिपिन्सची. तिच्याकडे सप्टेंबर उजाडला की नाताळ सुरू होतो आणि जानेवारी लागेपर्यंत हलत नाही. आम्ही तिला लिगाभाभी म्हणत होतो. सलीमभाई आखातात गाड्या दुरुस्त करायला गेला होता, ही तिथं एका कपड्याच्या दुकानात होती. लग्न झालं. पुढे त्याचे वडील वारले, गॅरेज बंद पडायला आलं, म्हणून तो परत आला आणि ही त्याच्यासोबत. निघायच्या आधी तिनं त्याला विचारलं होतं म्हणे, यवतमाळहून समुद्र किती लांब? तो म्हणाला, "ज्यादा नहीं." तिनं त्याच्या बाकी साऱ्या गोष्टी पोटात घातल्या. हे "ज्यादा नहीं" तिनं अकरा वर्षांत एकदाही माफ केलं नाही. नळाला पाणी आलं नाही की म्हणायची, "सलीम, समुद्रावर जा, ज्यादा नहीं."

ती आली तेव्हा मी अकरावीत होते. आमची खोली गॅरेजच्या मागे. माझे बाबा एम.आय.डी.सी.त कामाला, माय घरोघरी धुणंभांडी करायची. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजायचं काय? पण लिगाभाभीही तिच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट होती, हे कळल्यावर मला जरा चमत्कारिक वाटलं होतं. आपल्यासारखी एक बाई इतक्या लांब असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. तिची आई मासे विकायची. त्या आईला ती नानाय म्हणायची. नानायला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ऐकूही फार कमी यायचं.

भाभी अंगानं लहानखुरी. केस कायम ओले, कारण दिवसातून दोनदा अंघोळ. उन्हात निघाली की डोक्यावर सलीमभाईचा टॉवेल. मराठी ती आमच्या गल्लीतच शिकली, त्यामुळे तिची मराठी म्हणजे पक्की वऱ्हाडी, मधून अम्मीची हिंदी. "काहून" हा शब्द तिला फार आवडायचा. रिक्षावाला म्हणाला नाही जमत, की ही, "काहून?" डॉक्टर म्हणाले भात कमी करा, की ही, "काहून?" आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे हसून बघत राहायची.

भात कमी करणं तिला शक्य नव्हतं. तीन वेळा भात. ज्वारीची भाकरी तिनं प्रयत्न करून पाहिली, पण ती भाकरी भातासोबत खायची. पहिल्यांदा तिनं शिरक्यातली, म्हणजे व्हिनेगरमधली कोंबडी केली, लसूण, मिरे, सोया सॉस घालून, तेव्हा अम्मीनं झाकण उघडून नाकाला ओढणी लावली. "मुर्गी का अचार डाल रही क्या?" मे महिना होता, लाइट दिवसभर गेलेली. दुसऱ्या दिवशी अम्मीचं वरण आंबलं आणि कोंबडी जशीच्या तशी. अम्मीनं चूपचाप ताटात वाढून घेतली. तेव्हापासून त्या घरात मे महिन्यात मुर्गीचं अचारच शिजायचं.

आमटीत चिंच घालायची तर इतकी, की दात आंबायचे. आमच्याकडची अंबाडीची भाजी तिला पहिल्या घासाला कळली. डोळे मिटून म्हणाली, "हे तं नानायच्या घरचं आहे." मायनं तिला दुसऱ्या दिवशी अंबाडीची अख्खी जुडी नेऊन दिली.

नवीन वर्षाला टेबलावर बारा गोल फळं ठेवायची, ही त्यांची रीत. वर्षाचे बारा महिने भरलेले जावे म्हणून. इथं टेबल नव्हतं, मग शिलाई मशीनवर चादर टाकून तिनं फळं मांडली. संत्रं, पेरू, लिंबू, आवळा, बोर, चिकू, डाळिंब असं करत अकरा झाली, बारावं सापडेना. अम्मी म्हणाली, कांदा ठेव. भाभी म्हणाली, कांदा फळ नाही. तो वाद दोन दिवस चालला. शेवटी माझी माय राळेगावला मामाकडे गेली होती, तिथून येताना पिशवीत कवठ घेऊन आली. भाभीनं ते कवठ दोन्ही हातांत धरून असं पाहिलं, जसं कोणी तिच्या गावाहून आलं आहे.

पण तिची खरी गंमत म्हणजे तिचं जेवायला बोलावणं. तिच्या गावात कोणी दारावरून गेलं आणि आपण जेवत असलो, तर हाक मारायचीच, "या, जेवा!" जाणारा म्हणतो, "तुम्ही जेवा," आणि पुढे जातो. दोघांचाही मान राहतो. भाभी दुपारी खिडकीशी बसून जेवायची आणि खालून जो जाईल त्याला हाक मारायची. एकदा खाली एक ट्रक ड्रायव्हर टायरचं काम होईस्तोवर उभा होता. हिनं वरून हाक दिली, "दादा, या, जेवा!" आता आपल्याकडे कोणी जेवायला बोलावलं तर माणूस जातोच. तो बिचारा हात धुऊन, चपला काढून वर आला आणि जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानासमोर मांडी घालून बसला. अम्मीनं घाईघाईनं डोक्यावर ओढणी घेतली. भाभीनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग आपलं ताट त्याच्यासमोर सरकवलं. तो पोटभर जेवला. जाताना अम्मीला म्हणाला, "माताजी, मुर्गी का अचार एक नंबर."

संध्याकाळी भाभी आमच्याकडे आली. "तो वर काहून आला?"

"तू बोलावलं तं येईनच ना माणूस!" माय म्हणाली.

"आमच्याकडे बोलावते. येत नाही."

"मंग बोलावता कायले?"

भाभीनं बराच विचार केला. म्हणाली, "न बोलावता आपलं आपलं जेवलं तं घास खाली जात नाही, मावशी."

तिनं बोलावणं काही सोडलं नाही. मग अम्मीनं उपाय काढला. भाभीनं हाक मारली की अम्मी आतूनच ओरडायची, "बोलो, 'आप खाओ'! बोलो और जाओ!" पुढे एम.आय.डी.सी.तली माणसं इतकी तयार झाली, की भाभीनं तोंड उघडायच्या आधीच खालून आवाज यायचा, "तुम्ही जेवा, भाभी!"

रोज दुपारी, भांडी झाली की ती वही घेऊन बसायची. लांब, रेघांची वही. आज काय शिजलं, काय वाचलं, कुठं गेलो, कोण काय बोललं, सगळं त्यात. लिहायची तिच्या भाषेत, पण आमचे शब्द मधे मधे येत राहायचे. मी एकदा विचारलं, फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, मग हे कशासाठी?

"नानायले फोनवर ऐकू येत नाही. कानाले तोंड लावून बोलावं लागते." तिनं वहीवर हात ठेवला. "मी जाईन ना, तेव्हा सगळं वाचून दाखवीन. पहिल्या पानापासून. तिले मालूम नाही, मी इथं काय करून राह्यली."

वर्षाला एक वही. जाणं मात्र दरवर्षी पुढे ढकललं जायचं. कधी सलीमभाईचं ऑपरेशन, कधी अम्मीचं पडणं, मग ती दोन वर्षं, जेव्हा कोणीच कुठं जाऊ शकलं नाही. वह्या वाढत गेल्या आणि नानायचं ऐकणं कमी होत गेलं. भाभी कधी रडली नाही. फक्त नवी वही सुरू करताना जुन्या सगळ्या काढून, पुसून, परत पेटीत ठेवायची.

देवनागरी तिनं मला शिकवायला लावली. पुस्तकाआधी ती गॅरेजच्या रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागली. तिनं मोठ्यानं वाचलेला पहिला शब्द म्हणजे नवऱ्याच्या पाटीवरचा "पंक्चर". वाचून इतकी खूश झाली, की सलीमभाईनं हातातला पाना खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग मी कॉलेजच्या ग्रंथालयातून तिच्यासाठी लहान मुलांची पुस्तकं आणायची. ती एकेक पान बोट ठेवून वाचायची आणि त्या पुस्तकाबद्दलही वहीत लिहायची. "कोल्हा हुशार. पण एकटा जेवते." असा एक अभिप्राय मला आठवतो.

नानायला वाचून दाखवायचं तर सराव हवा, म्हणून ती माझ्या मायला वाचून दाखवायला लागली. आपल्या भाषेतलं पाहायची आणि वऱ्हाडीत सांगत जायची. मायचे कान चांगले आहेत, पण सराव म्हणजे सराव. भाभी थेट तिच्या कानाशी तोंड न्यायची.

"मले ऐकू येते वं बाई," माय अंग चोरायची. "गुदगुल्या होते."

"बसा, मावशी. हलू नका. आज. प्रज्ञाची माय बोरं घेऊन आली. गोड होते. अम्मी सकाळपासून रागात. मी काय चुकली, समजलं नाही. चारले समजलं. दात दुखते."

माय पोट धरून हसली. मग म्हणाली, "म्हंजे मी हाओ काय तुह्या वहीत?"

"आहे ना. पानोपान."

मायचं नाव रेशनकार्डावर होतं, मतदार यादीत होतं. पण ती काय घेऊन आली आणि ते गोड होतं, हे कोणी कधी लिहिलं नव्हतं. मी कोपऱ्यात परीक्षेचा अभ्यास करत होते. ती माझ्याकडे वळली. "तू तं इतके वर्ष शिकून राह्यली, प्रज्ञा. मले कधी एक पान वाचून दाखवलं काय?"

मी पुस्तकात मान घातली.

नागपूरच्या म्युझियमला आम्ही तिघी गेलो, तो दिवसही वहीत आहे. शाळेत असताना भाभी एकदा मनिलाच्या म्युझियममध्ये गेली होती, तेव्हापासून तिला म्युझियमची हौस. एसटीनं गेलो. मायनं भाकरी-ठेचा बांधून घेतला होता. मूर्ती, नाणी, पेंढा भरलेला वाघ, सगळं बघून झालं आणि एका दालनात माय एकदम थांबली. काचेत एक सूप होतं. बांबूचं, साधं.

"हे तं आपल्याच घरचं सूप हाय!" तिनं काचेला बोट लावलं.

"मावशी, काचेले हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

"अरे बाप्पा, माह्या घरी दोन हायेत! त्यायले उंदीर कुरतडून राह्यले. तुह्याजवळ काच असन तं दे एक."

पहारेकरीही हसला. मी मात्र हसले नाही. कॉलेजच्या मैत्रिणी घरी यायच्या तेव्हा तेच सूप मी पलंगाखाली सरकवत होते. ते इथं दिव्याखाली होतं आणि लोक तिकीट काढून बघत होते.

भाभी त्या काचेपुढे खूप वेळ उभी राहिली. तिच्या आईकडे असंच सूप होतं, थोडं गोल. मग तिनं खालची पाटी बोट न लावता वाचली. वस्तूचं नाव होतं, बांबूचं आहे असं होतं. ती म्हणाली, "कोणाचं, ते लिहिलं नाही."

"तसं नसते लिहीत," मी म्हटलं.

"काहून?"

घरी आल्यावर तिनं कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि घरभर चिकटवल्या. "सूप. अम्मीचं. रोज वापर." आरशावर, "आरसा. ट्रकचा. आता सलीमचा." जिन्यावर, "चौथी पायरी. मोडकी. सगळ्यांची." अम्मीला वाचता येत नव्हतं, पण आलेल्या प्रत्येकाकडून ती सगळ्या चिठ्ठ्या वाचून घ्यायची आणि वर तक्रार करायची, "मेरे माथे पे भी चिपका दे एक."

तिच्या रीतींपैकी एक मात्र अम्मीला मुळीच पटली नव्हती. मला महागावला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. त्या सकाळी भाभीनं मला जबरदस्तीनं आपल्याकडे जेवायला बसवलं. चार घास झाले आणि खाली ऑटोवाल्यानं हॉर्न मारला. मी उठले. तशी भाभीनं आपलं ताट धरून जमिनीवरच गर्रकन फिरवलं. मग सलीमभाईचं फिरवलं. अम्मीच्या ताटाला हात लावला तेव्हा अम्मीनं ते घट्ट धरलं. "क्या जादूटोना कर रही?"

भाभी म्हणाली, जेवण चालू असताना कोणी निघालं, तर मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट फिरवायचं. मग जाणारा सुखरूप पोचतो.

"ऑटो से जा रही वो. ताट से नहीं."

मी पोचले, मला नोकरी लागली. भाभीला त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. "ताट फिरवलं होतं," एवढंच म्हणाली.

मग तिच्या भावाचा निरोप आला. नानाय आता कानाशी ओरडलं तरच वळून बघते, जेवण कमी झालं आहे, येणार असशील तर ये. या वेळी सलीमभाईनं पुढच्या वर्षाचं नाव काढलं नाही. तिकीट काढून आणलं.

मी महागावहून रजा टाकून आले. बॅग भरणं चालू होतं. विमानात इतकंच वजन, त्याहून जास्त नाही. रिकाम्या हातानं घरी जायचं नाही, ही तिच्याकडची मोठी रीत, सगळ्यांसाठी काही तरी न्यायचंच. तिनं भावजयांसाठी साड्या घेतल्या होत्या, मायनं सुकवलेल्या बोरांचं बोरकूट दिलं होतं. अकरा वह्या ठेवल्या आणि वजनाचा काटा पुढे गेला. साड्या बाहेर काढल्या. मग तिचे स्वतःचे कपडे निघाले. शेवटी बॅगेत वह्या, बोरकुटाची पुडी आणि दोन ड्रेस उरले.

अम्मी दारात उभी राहून बघत होती. तिनं ते कपडे उचलले, घडी घातली आणि कपाटात ठेवायला नेले. सगळ्यांना जे विचारायचं होतं, ते तिनंच कपाटाकडे तोंड करून विचारलं. "वापस आएगी ना?"

"वह्या झाल्या की येते, अम्मी."

याला दीड वर्ष होऊन गेलं. भाभी वेळेत पोचली. नानायनं तिला ओळखलं. रोज दुपारी भाभी तिच्या कानाशी तोंड नेऊन एक पान वाचते. कधी कधी त्याचं रेकॉर्डिंग पाठवते. त्यातलं काही कळत नाही, पण "अम्मी", "सलीम", "कवठ" ऐकू येतं, आणि मधेच एका म्हातारीचं खरखरीत हसणं. मोडक्या पायरीचं पान नानायनं तीनदा वाचायला लावलं म्हणे. आता सातवी वही चालू आहे. सलीमभाई बोलत नाही, पण कितवी वही, ते त्याला बरोबर माहीत असतं. गेल्या सप्टेंबरला त्यानंच माळ्यावरून तारा काढला आणि अम्मीनं त्याला नवा कागद लावला.

मागे मी गेले तर अम्मी मला म्हणाली, "उसको फोन पे बोल, आहिस्ता पढ. जल्दी नको करू म्हणाव." आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली.

मीही आता रविवारी लोहाऱ्याला येते तेव्हा मायला पुस्तक वाचून दाखवते. ती म्हणते, भाभी चांगली वाचायची. खरंच आहे.

मला भाभी आठवते ती निघायच्या दिवशीची. नागपूरची गाडी दुपारी यायची होती, ती तासभर आधीच आली. आम्ही सगळे दस्तरखानावर होतो. तिच्या ताटात भात आणि अंबाडीची भाजी, अर्धी राहिलेली. ती उठली, हात धुतले, अम्मीच्या गळ्यात पडली, माझ्या मायचा गाल दाबला आणि मागे न बघता जिना उतरली. चौथ्या पायरीवर सवयीनं पाय लांब टाकला. मी बॅग घेऊन मागोमाग. सलीमभाई पुढे बसला, ती मागे. गाडी सुरू झाली, तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला.

"लिगा! आ, खाना खा ले!"

इतकी वर्षं जी बाई "बोलो और जाओ" म्हणून ओरडत आली, तीच अर्धी बाहेर वाकून हाक मारत होती. भाभीनं काच खाली केली. डोकं बाहेर काढून, उन्हात डोळे बारीक करून वर पाहिलं. हसली.

"तुम्ही जेवा, अम्मी!"

गाडी एम.आय.डी.सी.च्या वळणावर दिसेनाशी झाली. मी वर गेले. अम्मीनं स्वतःचं ताट फिरवलं होतं. मायचं फिरवलं होतं, सलीमभाईचं आणि माझंही. फक्त भाभीचं ताट होतं तसंच होतं, तिच्या बसायच्या जागेकडे तोंड करून. मी ते उचलायला वाकले.

"रहने दे," अम्मी म्हणाली. "उसका वैसाच रहने दे."